श्वासाची खूण

पहिल्या तासाला तिने फळ्यावर एकच शब्द लिहिला: लुओ.
मी सोडतो. गाठ, दोर, होडी, कैदी,
काहीही.
"ग्रीकमध्ये सगळे इथूनच आत शिरतात," म्हणाली,
"सोडण्यापासून." आणि हसली नाही.

मर्डिना गिलँडर्स. लुईस बेटावरची.
बाप हेरिंगच्या होड्यांवर. त्याच्या गाठी
भिजल्या की आणखी आवळत, असं ती सांगे
आणि तशीच भूतकाळाकडे वळे:
एक, जो घडत राहतो.
एक, जो घडला, झालं, मिटलं.
आणि एक, जो घडून गेला तरी
ओल्या स्वेटरसारखा अंगावर राहतो.
या तिसऱ्यावर तिचे आठवडे जात.

तिच्या मंडळीत बायकांना व्यासपीठ नव्हतं.
ॲबर्डीनच्या त्या थंड वर्गात
तिने व्यासपीठावरची माणसं घडवली,
आणि दर रविवारी मागून तिसऱ्या बाकावर बसून
त्यांचं ऐकून घेतलं.
"मूळ ग्रीकमध्ये," असं कुणी आवाज चढवून म्हणालं
की तिचा अंगठा बाकाच्या लाकडावर हले:
काळ चुकला. वचन चुकलं. विभक्ती, अरे देवा, विभक्ती.
दारात हात मिळवून म्हणे, "छान झालं, डंकन."
मंगळवारच्या टपालाने डंकनला चिठ्ठी. लाल शाईत.

मी त्यांच्यातला नाही. दुसऱ्या वर्षीच सुटलो.
बाप आजारी पडला, असं सांगतो लोकांना.
श्रद्धा त्याआधीच गेली असावी;
कोणत्या भूतकाळात, ते मला सांगता येत नाही.
आता सतरा नंबरची बस चालवतो.
लाल दिव्याला रूपं म्हणतो:
लुओ, लुसो, एलुसा, लेलुका.
हिरवा लागला की विसरतो.

मागच्या नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनच्या अंधारात,
ती किंग स्ट्रीटला चढली. आत गेलीच नाही,
माझ्या काचेपाशी उभी, पिशवी छातीशी धरून.
"कॅलम मॅथीसन. रूपांचं ते पान आहे अजून तुझ्याकडे?"
"आहे," म्हणालो. खोटं.
"एलुसा. तिसरी ओळ.
पहिल्या स्वरावर श्वासाची खूण नाही.
चौऱ्याहत्तर साली स्टेन्सिल कापताना राहिली.
अडतीस वर्षं मी तेच पान वाटलं."
"कळलं कसं?"
"शेवटच्या वर्गात तिघं होती. त्यानंतर ग्रीक बंद.
एबेले नावाची एक, रात्रपाळी करून यायची, पेंगायची.
ती म्हणाली, मॅडम, हा शब्द श्वास घेत नाही."

मी विचारलं, उच्चाराला काही फरक पडतो का.
"काहीच नाही," ती म्हणाली,
आणि याहून वाईट बातमी मी तिच्या तोंडून
कधी ऐकली नव्हती.
छप्पन्न जणांना पत्रं लिहिली होती तिने.
नऊ परत आली.
चौघांच्या विधवांनी उत्तर पाठवलं,
एकीने पान शोधून, खूण करून, सोबत जोडलं.

उतरताना "थँक यू" म्हणाली,
इथे सगळेच म्हणतात तसं, ड्रायव्हरला.
बंदराच्या बाजूने वारा होता.
टोपीचा बंद तिला सुटेना, की बांधता येईना,
आरशात नीट दिसलं नाही.

टर्मिनसला सात मिनिटं असतात.
ड्यूटीच्या कागदामागे मी लिहिलं: एलुसा, त्यांच्या लिपीत.
अक्षरं आली. माझं मलाच नवल.
मग वर ती खूण, स्वल्पविरामाएवढी,
नुसती लिहायची, म्हणायची नाही.
आधी उलटी पडली; तशी ठेवली असती
तर शब्दाला ह लागला असता.
खोडली. पुन्हा काढली.
मागून कुणीतरी म्हातारा ओरडला,
निघायचं आहे का आज.