एक हिवाळा कमी

पाकीट उघडलं की आधी वास येतो,
मग आकडे.
पेन्सिलीचे, कारण शाई तिथे गोठते म्हणे.
बोटीवरच्या निरीक्षकाचं नाव मला ठाऊक नाही,
फक्त आद्याक्षरं, ओ. बी.
बाई की बुवा, तेही नाही.
पण वादळ असलं की सात कलतो,
आणि रात्रपाळीतला आठ
वरून उघडाच राहतो.
चार वर्षं मी त्या सातांवरून
दक्षिण महासागराची हवा सांगते आहे,
पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर बसून.

आत माशाच्या कानातला खडा.
हो, माशाला कान असतो.
तळ्याकाठी चिलापी विकणाऱ्या हौसाबाई परदेशींना
हे पटलंच नव्हतं.
"कान असता तर जाळ्यात आला असता का?"
मग मी तिथेच त्यांच्या विळीवर एक डोकं फोडून दाखवलं.
तांदळाच्या कणीएवढा.
त्यांनी पदराला पुसला, उजेडात धरला,
म्हणाल्या, याचे वेगळे पैसे.

आमचं काम सोपं आहे.
खडा भाजायचा, राळेत बसवायचा, आडवा कापायचा
आणि वलयं मोजायची.
रुंद उन्हाळा, बारीक हिवाळा,
रुंद, बारीक.
कोणी किती मासे धरायचे
हे दूर कुठल्याशा टेबलावर ठरतं,
तिथली माणसं टनांत बोलतात.
टनाच्या पोटात हे असतं:
माझे एकतीस, निखतचे एकोणतीस,
आणि चहावर साय धरेपर्यंत चाललेलं भांडण.
ती म्हणते, तू सावलीलाही वर्ष म्हणतेस.
मी म्हणते, तू सातव्या महिन्यात जन्मलीस, तुला सगळ्याचीच घाई.

आजचा टूथफिश मात्र खुणेचा.
अकरा वर्षांपूर्वी त्याला धरून,
पाठीत पिवळी पट्टी टोचून,
औषधाची सुई देऊन परत सोडलेला.
जांभळ्या दिव्याखाली ती सुई
खड्यात पोपटी रेघ होऊन उगवते:
इथे याला माणूस भेटला.
रेघेच्या बाहेर अकरा हिवाळे हवेत.

मी मोजले. दहा.
पुन्हा, काठाकडून आत. दहा.
वीज गेली, रस्त्यावरचे जनरेटर एकेक करून खोकले,
वीज आली. दहा.
निखतचेही, मला न विचारता, दहा.

म्हणजे एक हिवाळा
त्यानं अंगाला लावूनच घेतला नाही.
कदाचित बर्फ उशिरा धरला.
कदाचित खायला इतकं होतं की थांबायचं सुचलं नाही,
किंवा इतकं कमी
की उन्हाळाच हिवाळ्यासारखा गेला.

साहेबांनी खांद्यावरून पाहिलं.
"अकरा माहीतच आहेत ना? मग अकरा टाका."

वडिलांचं रविवार पेठेत कापडाचं दुकान होतं.
तागा चार बोटं आखूड निघाला
तर ते गिऱ्हाइकाला तसं सांगत.
ताणून मोजत नसत.

मी दहा लिहिले.
शेऱ्याच्या रकान्यात: अपेक्षित अकरा, एक दिसत नाही.
निखतनं खाली सही केली,
इतकी बारीक की तिलाच कोणी हिवाळा समजावं.

संध्याकाळी रामनदीच्या पुलाजवळ सिग्नलला थांबले.
खाली पाणी होतं असं म्हणवत नाही, फेस होता.
शेजारच्या टेम्पोचा हॉर्न थेट डोक्यात गेला
आणि आठवलं, माझ्याही कानात असल्याच बारीक कण्या आहेत,
त्यांच्या जिवावर तर मी स्कूटरवर तोल सांभाळते.
त्यांना कोणी विचारत नाही
कुठलं वर्ष नीट गेलं, कुठलं निसटलं.
बरंच आहे.

सिग्नल सुटला.
उद्या पेटीतलं पुढचं पाकीट.
सात सरळ असले तर बरं.