मयेवरून

प्रवासभत्त्याच्या फॉर्मात सातवा रकाना आहे:
जवळचा मार्ग न घेतल्यास कारण.
दर खेपेला मी तो कोरा ठेवते
आणि लेखा विभागातले वेर्लेकर दर खेपेला
पेन्सिलीनं त्याभोवती गोल काढून कागद परत पाठवतात.

चोडणहून रायबंदर, फेरीनं दहा मिनिटं.
आम्ही जातो मयेवरून. अस्नोडा, म्हापसा, पर्वरी, मग पूल.
दीड तास. वाटेत तिला एकदा उलटी होते.
पास्कोल गाडी थांबवतो, काही न बोलता
पाण्याची बाटली मागे देतो
आणि आरसा वर फिरवून ठेवतो.

कोर्टात तिच्यासाठी दार वेगळं आहे.
खोली वेगळी, मध्ये पडदा,
न्यायाधीशबाई काळा कोट काढून बसतात.
आई बाहेर; आई साक्षीदार क्रमांक दोन,
म्हणून आईच्या जागी खुर्चीत मी.
सगळं वेगळं करून दिलंय,
पण रायबंदरला जाणारी फेरी तीच,
तो जामिनावर आहे, त्यालाही तारीख तीच,
आणि पोंबुर्प्याच्या फेरीवर
त्याचा मेव्हणा तिकिटं फाडतो.

तिच्याबद्दल मला पुष्कळ ठाऊक आहे.
सुरण खात नाही. तेराचा पाढा
फक्त चालत्या गाडीत येतो, उभ्या गाडीत नाही.
उजव्या चपलेचा अंगठा तिनं स्वतः दाभणानं शिवलाय.
काय घडलं, तेवढं ठाऊक नाही.
विचारायचं नाही, हा माझ्या कामाचा पहिला नियम.
माझा एक शब्द तिच्या तोंडी गेला
तर समोरचा वकील तोच धाग्यासारखा धरून
सगळी शिवण उसवेल.

मग तयारी कसली? एवढीच:
'म्हाका खबर ना' हेही उत्तर असतं.
'प्रस्न कळूंक ना' हेही.
'म्हाका मुतपाक जाय' हेसुद्धा, बाय, मोठ्यानं म्हण,
कोर्ट थांबतं.
खरंच थांबतं, मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात अस्नोड्याच्या पुलावर तिनं विचारलं,
फेरी लागीं ना गे?
जवळ आहे.
मग?
नियमांत याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, फेरीनं तो येतो.
ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.
खाणीचे तीन लाल ट्रक गेले.
मग म्हणाली,
म्हणजे फेरी ताकाच दिली?

आज साक्ष झाली. अर्धी.
उलटतपासणी उरली, तारीख तेवीस.
ती कोंकणीत बोलली, दुभाष्यानं इंग्रजी केलं,
टायपिस्ट एका शब्दापाशी अडला.
ह्याला काय म्हणायचं? वकील एकमेकांना
सभ्य पर्याय सुचवू लागले.
तिनं तो शब्द परत उच्चारला,
अक्षर अक्षर सुटं करून,
शाळेत बाई शुद्धलेखन घालतात तसा.
मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

बाहेर येऊन तिनं पास्कोलला सांगितलं, फेरीन वचूंया.
मी शिपायाला विचारून आले: पंचाची साक्ष चाललीय,
पाचशिवाय त्याला सोडत नाहीत.
आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पास्कोलकडे.

सव्वातीनची फेरी.
चाकं लोखंडी फळीवर चढली तशी
तिनं काच वर केली, आईच्या मांडीत डोकं खुपसलं
आणि पलीकडच्या धक्क्यापर्यंत काढलं नाही.
पाणी पाहिलं नाही, खारफुटी नाही,
काचेवर टिचकी मारत नावानं हाका घालणारी
शेजारची मासळीवाली नाही
(ते नाव मी कुठंच लिहीत नाही, ह्या फॉर्मातही).
दहा मिनिटं.

पावली? तिनं मांडीतूनच विचारलं.
पावली.
मागीर तेविसाक खंयच्यान?

तू सांगशील तसं, मी म्हटलं,
आणि लगेच मनात आलं,
एवढं तरी मी म्हटलेलं चालतं का.