चहा त्यांचा, पाणी आपलं

सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतं:
पोर्तुगीज स्वयंपाकाचा वर्ग आणि राजवाडा दर्शन.
एक दिवस. कोपरखैरण्याहून सकाळी साडेसात.
चहा त्यांचा, पाणी आपलं.
मी राजवाड्याचे पैसे भरले.
स्वयंपाक मला आता कोण शिकवणार होतं?

ठाण्यात, चराईतल्या एका बोळात
जिन्याच्या पायऱ्यांवर अठरा जोड चपला.
वर इझाबेलबाई मिस्किटा,
फुलाफुलांचा गाऊन, गुडघ्याला पट्टा,
आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.
"आमच्या घरान काटा नाय.
हाताला कलतं, तेवरंच खरं."
नूतन रणपिसे तरी वहीत लिहीत राहिली:
मैदा अंदाजे. अंडी अंदाजे.
नारळाचं दूध अंदाजे.
त्याखाली दोन रेघा.

लसूण सोलायला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं,
काय काम करायचीस?
म्हटलं, वाशीला, कांदा-बटाटा मार्केट.
एकतीस वर्षं लिलावाच्या पावत्या फाडल्या.
त्या हसल्या, पुसता पुसता कढई खाली ठेवली.
"म्हंजे तू आमचीच की गो.
बटाटा पोर्तुगीज. लिलाव पोर्तुगीज.
पगार घेतलास ना दर महिन्याला?
तो पन."

मी गप्प बसले.
लसणीचं साल नखात अडकलं होतं.
इतक्यांदा लिहिला बटाटा,
कार्बन घालून, तीन प्रतींत,
गाळ्याचा नंबर, गोणी, वजन, दर,
आणि कधी कोणी विचारलं नाही की हा कुठला, कुणाचा.
भाव विचारायचे सगळे.

मग त्यांनी पिठात मूठ बुडवली, आवळली,
अंगठ्यापाशी एक गोळा वर आला,
तेलात पडला, बुडाला, उलटला, टम्म झाला.
"याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?"
रणपिसेचं पेन तयार.
बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जरा कीव करूनच.
"याला? फुग्या.
फुगतात म्हनून फुग्या."

निघताना उरलेलं पीठ माझ्या डब्यात घातलं.
घरी जाऊन तल. झाकन घट्ट लावू नको.
मी घट्ट लावलं.
एकतीस वर्षं गल्ल्याचं कुलूप दोनदा ओढून बघणारा हात,
तो काय ऐकतोय.

राजवाडा दुपारी अडीचला आला.
घोडबंदरच्या टेकाडावर तीन भिंती,
चौथ्या बाजूला खाडी.
"इथे मोठा साहेब राहायचा,"
गाइड शार्दूल म्हणाला. कोण साहेब?
त्याने मोबाइल वर धरला, रेंज नव्हती.
वॉचमन खुर्ची घेऊन सावलीमागे सरकत होता,
तेवढीच काय ती तिथली हालचाल.
कुणी म्हणालं, पैसे परत मागू.
कुणी म्हणालं, फोटो तरी काढू.
मी आतल्या भिंतीशी गेले.
दार नव्हतं, चौकट नव्हती,
दगडात रुतलेली एक बिजागरी होती,
गंजून फुलासारखी उमललेली,
कशाला तरी अजून धरून.
बोटाने ढकलून पाहिली. हलली नाही.
खाली एक बार्ज गेली, रेतीने भरलेली,
पाण्याला टेकत टेकत.

परतीच्या गाडीत, कळव्याच्या पुलाच्या जरा अलीकडे,
फट्
आणि झाकण नूतन रणपिसेच्या मांडीवर.
पीठ डब्याबाहेर डोकावत होतं,
ऊन लागून आणखी चढलेलं,
आंबूस, गोडूस, जिवंत.
सगळ्या जणी हसल्या, पुढचा ड्रायव्हरसुद्धा.
मी रुमालाने त्याचं डोकं झाकलं,
तापातल्या लेकराला झाकावं तसं,
आणि घरापर्यंत मांडीवर धरून आणलं.

हे टीव्हीसमोर बसलेले.
"राजवाडा कसा होता?"
"फुगला नाही," म्हटलं.
तेल तापत ठेवलं. मूठ बुडवली.
पहिला वाकडा झाला, दुसऱ्याला शेपूट.
वासाने उठून ते ओट्यापाशी आले,
हात मागे बांधून, पाहुण्यासारखे.
"बघताय काय? ती परात द्या इकडे.
आणि कुणाची ते विचारू नका."