साठ कुप्या

फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी
साठ कुप्यांची पेटी.
बांगडे मी खालच्या कप्प्यात सरकवले,
वास लागू नये म्हणून.
कुणाचा कुणाला, ते मात्र ठरवता आलं नाही.

रोज पहाटे, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत,
न्हाणीघराचं दार लावायचं,
कापसाची काडी फिरवायची, सांगितलंय तिथे,
काडी कुपीत, कुपीवर तारीख,
वहीत खूण: दुखतंय, किंवा नाही.
बहुतेक दिवस नाही.
"तेच दिवस हवेत आम्हाला," हॅलिफॅक्सची ती संशोधक मुलगी म्हणाली,
"काही दिसत नसताना तो किती वेळा
बाहेर डोकावून जातो, ते मोजायचंय.
लस करायची तर आधी त्याच्या खोडी कळायला हव्यात."
इम्के तिचं नाव. बोटांवर शाईचे डाग.
माझ्या लेकीपेक्षाही लहान,
आणि तो शब्द तिने असा उच्चारला
जसं कुणी म्हणावं, बटाटे.

मी तो एकतीस वर्षांत
एकदाही मोठ्याने म्हटलेला नाही.
लॉर्न एका मार्चमध्ये बोटीवरून परतला,
त्याच्याबरोबर तोही आला घरात,
आणि आम्ही दोघं टेबलाशी बसून
त्याबद्दल अवाक्षर न काढता
सूप संपवलं.
रागावले नाही असं नाही.
तीन हिवाळे सरपण मी एकटीने फोडलं.
तो कुऱ्हाड मागायचा,
मी द्यायची नाही.

कारखान्यात शेवंडांच्या नांग्यांना रबर लावताना
बायका काय काय बोलतात!
ओठावर फोड आला की सगळ्या मिळून चिडवतात,
कुणाचा गं मुका घेतलास?
त्याचाच भाऊबंद कमरेखाली असला
तर विनोदसुद्धा कुणाला सुचत नाही.

इम्केने पावतीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं:
कण्याच्या तळाशी मज्जातंतूंची एक गाठ,
तिथे हा पांघरूण घेऊन पडलेला.
अंगणात आला तर गोळी त्याला हाकलते;
घरात शिरून उठवेल असं औषध
अजून कुणाकडेच नाही.
"कधी होईल?"
ती खोटं बोलली नाही.
"तुमच्या हयातीत नसेल कदाचित," म्हणाली,
आणि लगेच ओशाळली.
मला मात्र बरं वाटलं.
आमच्या धक्क्यावरही असंच बोलतात,
धुकं कधी उठेल विचारलं तर.

साठावा दिवस. पेटीत बर्फाच्या पिशव्या भरल्या,
चिकटपट्टी लावली, पोस्टात नेली.
थेल्मा झिंकने चष्मा नाकावर ओढून फॉर्म वाचला.
"आत काय आहे, ते लिहिलं नाहीस."
"नमुने."
"कशाचे?"
मागे दोघंजण उभे. त्यातला एक चर्चमध्ये पेटी वाजवणारा.
मी बटाट्यासारखा म्हणायला गेले तो शब्द,
पण आवाज फाटला,
आणि 'हर्पीस' असा ओरडल्यासारखा बाहेर पडला
की दारावरची घंटीसुद्धा दचकली असेल.

थेल्माने लिहून घेतलं.
स्पेलिंग चुकवलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
मग पेटी हलवून बघत म्हणाली,
"शुक्रवारपर्यंत बर्फ टिकायचा नाही गं,"
आणि मागच्या खोलीत जाऊन
स्वतःच्या जेवणाच्या डब्यातली थंड पिशवी घेऊन आली.
तिचे पैसे लावले नाहीत.
बाकीचे अठरा डॉलर, चाळीस सेंट.

पेटीवाला माझ्याकडे बघत नव्हता.
तिकिटांच्या जाहिरातीकडे बघत होता,
फार वेळ.
मी बाहेर पडताना त्याने दार धरलं,
आणि अगदी हळू विचारलं,
"आणखी माणसं लागतात का त्यांना?"
इम्केचा नंबर मला पाठ नव्हता.
"सांगते," म्हटलं. नंतर वाटलं, सांगेन ना?

दुसऱ्या दिवशी सवयीने फ्रिज उघडला.
मधला कप्पा रिकामा.
बांगडे वर आणले.
लोण्याला वास लागला होताच, थोडासा.
पावाला लावून खाल्लं.