पाक

अंगठा आणि तर्जनीत थेंब धरायचा,
बोटं हळूच फाकवायची.
तार आली की गॅस बंद.
तीस वर्षं मी हेच करतेय.
लाडवांना एकतारी, चिरोट्यांना दोनतारी,
उलथनं ढवळताना बोलायचं नाही कुणाशी.

परवा शिबिरातल्या पोराने त्याच बोटाला सुई टोचली.
मी सवयीने थेंब चिमटीत घेतला.
"मावशी, काय करताय?"
काय सांगणार त्याला?
मग दंडातून नळीभर घेतलं,
ते नळीत काळपट, सुस्त बसलं
उन्हात राहिलेल्या काकवीसारखं.

सबनीस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा पूर्णांक एक.
मधुमेह नाही तुम्हाला.
मी पिशवी उचलली.
"बसा. नाही म्हणजे अजून नाही.
आणि रक्त जरा दाट आहे.
दाट रक्त ढकलायला हृदयाला जोर लागतो,
तुम्ही झोपलात तरी त्याला सुट्टी नाही."

दाट.
हा तर आमच्या घरचा कौतुकाचा शब्द.
दाट वरण, दाट साय,
सून बघायला गेलो तर दाट केस.
पातळ ते पाहुणे जास्त झाल्यावरचं.
रक्ताचं उलटं असतं
हे बावन्नाव्या वर्षी कळलं.

"पाणी किती पिता?"
"पिते की."
खोटं बोलले.
सकाळी दहाला दादरला, प्लाझामागच्या गल्लीत टेबल मांडते,
रात्री आठपर्यंत घोट नाही.
प्यायलं की जावं लागतं.
जायचं कुठे?
पुलाखालचं बायकांचं दार दिवाळीपासून कुलपात,
दुसरं दहा मिनिटं चालून,
तेवढ्यात टेबल कोण बघणार?
शेजारी मेहरुन्निसा रुमाल विकते.
तीही पीत नाही.
पलीकडची गजरेवाली दिवसभर फुलांवर पाणी मारते,
स्वतःच्या तोंडावर नाही.

घरी येऊन रिपोर्ट ठेवायला कपाट उघडलं,
तर जुन्या पासबुकांखाली जनूचा लिफाफा.
माझा धाकटा भाऊ.
वडाळा डेपोत टायर बदलता बदलता खाली बसला,
उठला नाही.
सत्तेचाळीस.
मयताला आलेला जो तो म्हणत होता,
काही नव्हतं हो त्याला,
ना बीपी, ना शुगर.

आत एक कागद, जाण्याआधी दोन वर्षांचा.
पाच पूर्णांक नऊ.
कडेला कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं: काठावर.
आणि कागदाच्या पाठीवर जनूचं अक्षर,
"बेसन लाडू दोन किलो, ताईकडून.
पैसे घेत नाही, तरी द्यायचे."

रडले नाही.
दोन किलोत किती लाडू बसतात
ते मोजत राहिले.

लक्ष चुकलं की पाक पुढे जातो.
आई म्हणायची, घाबरायचं नाही,
पाण्याचा हबका मारायचा, मंद आचेवर परत धरायचा,
येतो मागे.
गोळीबंद झाला तर मात्र चिक्कीच कर.
भांड्यातला मला बघून कळतो.
हा आतला कितपत पुढे गेलाय
ते या बोटांना सांगता येत नाही.

आज अकराला बाटली उघडली.
अर्धी प्यायले, उरलेली मेहरुन्निसापुढे धरली.
ती म्हणाली, "वेडी झालीस? मग जाणार कुठे?"
पण प्यायली.

साडेअकराला मी उठले.
"टेबलाकडे बघ गं."
मुठीत पाचाचं नाणं,
डोक्यावर उन्हाचा तवा,
पुढे दहा मिनिटांची वाट.
मागून कुणी विचारलं, बेसनाचे कसे दिले?
मेहरुन्निसाने भाव सांगितला,
किलोमागे साठ रुपयांनी कमी.

मी ऐकलं.
वळले नाही.