बहात्तर तास

तिनं कानडीत मागितली.
"गुळगी कोडरी."
हेल मात्र आमच्याच गल्लीतला.
मी जुन्या पेपरात पुड्या बांधतो
तशी लाज बांधून आणलेली, दुसऱ्या भाषेत.

"लग्न झालंय?" मी मराठीत विचारलं.
ती पावडरच्या डब्यांकडे बघत राहिली.
"संपल्यात," म्हणालो.
खालच्या खणात तीन पाकिटं होती.

मग संकेश्वर स्टँडवरून
गडहिंग्लजची शेवटची गाडी गेली.
ती त्यात होती की नाही, ठाऊक नाही.

शटर अर्धं ओढून
अकरा वर्षांत पहिल्यांदा
आतला चिठोरा उलगडला.
गर्भ पाडत नाही ही.
बीज सुटणं लांबवते, एवढंच.
आणि मी, सुरेंद्र नष्टे, डी. फार्म.,
गिऱ्हाइकांना उलटंच सांगत आलो.

खाली बारीक अक्षरांत तास.
भिंतीवरच्या घड्याळात
तिचे किती उरले?