पाणवठा क्रमांक सात

येऊरच्या फाटकाशी आमची नावं लिहून घेतली,
रक्तगटासकट.
मोबाइल बंद. अत्तर नको. पांढरा कपडा नको.
मी वर्तकनगरची, बँकेतली, गुडघ्याला पट्टा,
हौसेखातर आलेली एका रात्रीपुरती.
सोबत जान्या दुमाडा, पाटोणपाड्याचा,
खात्याचा रोजंदारीवरचा माणूस.

पाणवठा म्हणजे सिमेंटची बशी,
दुपारी टँकरनं भरलेली.
वर ऐनाच्या फांदीत मचाण.
हातात तक्ता: प्राणी, संख्या, वेळ, नर की मादी.
तीस वर्षं रकानेच भरलेत मी,
वाटलं, हे तरी सोपं.

वैशाखाचा चंद्र वर आला
आणि खालच्या बंगल्यातलं लग्नही.
डीजेचा ठोका थेट बशीतल्या पाण्यात थरथरत होता.
"बारापत्तर कोन न्हाई यायचं," जान्या म्हणाला,
"त्यांनाबी ऐकू येतं."

मग काडी मोडावी एवढ्या आवाजात
त्यानं आपल्या कुत्र्याचं सांगितलं.
नाव टायगर.
गेल्या शिमग्यात बिबट्यानं नेला,
अंगणातून, साखळीसकट.
"राग नाही आला?"
"कुनाचा?"
मी तक्ता खालीवर पाहिला.
याला रकाना नव्हता.

पावणेतीनला चितळ. मादी. एक.
तिनं ओठ टेकले, मान वर.
पुन्हा टेकले, पुन्हा मान वर.
एका घोटाला एक भीती,
असा तिचा चोख हिशोब.
मी पेन उचललं नाही,
टोपणाचासुद्धा आवाज झाला असता.
पलीकडे घोडबंदरचे टॉवर जागे होते;
एकविसाव्या मजल्यावर कुणीतरी
झोपेतच फ्रिज उघडत असेल.

साडेचारला वानर खाकरलं.
मग दरीत जुनं लाकूड कुणी करवतावं तसं,
दोनदा.
थांबलं.
गप्प बस म्हणून जान्यानं खूण केली नाही,
गरजच नव्हती.
दिसलं काहीच नाही.
जान्याचा हात मात्र
नसलेली साखळी धरल्यासारखा
मुठीत वळला होता.

उजाडल्यावर साहेबांनी विचारलं, "काय मिळालं?"
"चितळ, एक," मी म्हटलं.
जान्या थर्मासचं झाकण शोधत होता.

घरी आले. सलवारीला कुसळं, केसांत मुंग्या.
ओट्यापाशी ग्लास भरला,
तोंडाला लावला,
आणि प्यायच्या आधी
मागे वळून पाहिलं.